पगारपटावर १९, कामावर २६: कामगार कायद्यांचं पालन कुठून सुरू करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्रातला एक छोटा व्यावसायिक, एसी विकणं आणि त्यांची दुरुस्ती हा धंदा. नऊ माणसांवर सुरुवात केली, आज पगारपटावर १९ जण आहेत. चार टेक्निशियन 'कन्सल्टंट' म्हणून महिन्याला बिल देतात, साफसफाई आणि सुरक्षेची तीन माणसं एजन्सीची आहेत. २० चा आकडा गाठलेला नाही म्हणून पीएफ लावलेला नाही. नवीन लेबर कोड आल्याचं ऐकून ते धास्तावले आहेत. शिवाय पगारपटावरचाच एक टेक्निशियन ११ दिवस आलेला नाही, त्याला कमी करायचं आहे. ते विचारतात, 'सगळं एकदम करणं जमणार नाही, सुरुवात कुठून करू?'

गेली २२ वर्षं मी हेच काम करतो. लहान आस्थापनांचे मस्टर म्हणजे हजेरीपट, चलनं, नोटिसा आणि अधूनमधून लेबर कोर्ट. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी एक काम थांबवा. त्या टेक्निशियनचं नाव पटावरून काढू नका. त्याला व्हॉट्सअपवर 'उद्यापासून येऊ नकोस' असं लिहू नका, आणि त्याच्या मित्राकडून कोऱ्या कागदावर राजीनामाही मागवू नका. त्याच्याबद्दल शेवटी सविस्तर लिहितो, कारण तिथे शब्दाशब्दाला महत्त्व आहे.

आता मोजणी. सगळा कायदा मोजणीपासून सुरू होतो आणि तुमची मोजणी चुकली आहे. पीएफसाठी 'कर्मचारी' म्हणजे ज्याचं नाव पगारपटावर आहे तेवढाच माणूस नव्हे. आस्थापनेच्या कामासाठी किंवा कामाच्या संबंधात कंत्राटदारामार्फत आलेला माणूसही त्यात धरला जातो. एजन्सीची ती तीन माणसं रोज तुमच्याच जागेत काम करतात. १९ अधिक ३ म्हणजे २२ झाले. चार टेक्निशियन धरले तर २६. ज्या दिवशी २० वा माणूस कामाला लागला, त्या दिवसापासून पीएफ लागू झाला. कुणी नोटीस पाठवो किंवा न पाठवो, त्याने फरक पडत नाही. नंतर माणसं कमी होऊन १५ वर आली तरी तो सुटत नाही. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम) यांचंही तसंच, फक्त तिथला आकडा १० आहे. म्हणजे ते दोन्ही तुम्हाला कधीच लागू झाले आहेत.

म्हणून पहिलं काम एक्सेलची एक शीट. कामावर येणारं प्रत्येक माणूस त्यात घ्या, पैसे कुठल्याही खात्यातून जात असोत. नाव आधारवर आहे तसंच लिहा, कामाला लागल्याची तारीख लिहा, पैसे कुठल्या नावाखाली जातात ते लिहा, आणि तो प्रत्यक्षात काय काम करतो ते लिहा. या शेवटच्या रकान्यात बहुतेक मालक अडखळतात, आणि अडखळण्याची जागा हमखास 'कन्सल्टंट' हीच असते.

तुमचे चार टेक्निशियन घ्या. सकाळी साडेनऊला तुमच्या ग्रुपवर कॉल वाटले जातात. अंगात तुमच्या कंपनीचा शर्ट, हातात तुमची टूलबॅग, गॅसचा सिलिंडर तुमचा. सुट्टी हवी असेल तर तुम्हाला विचारावं लागतं. दुसऱ्या डीलरचा कॉल घेतला तर तुम्ही चिडता. बिलं पाहिली तर नंबर १ ते १२, दर महिन्याला एक, ग्राहक एकच आणि रक्कमही जवळपास तीच. असं बिलबुक समोर आलं की अधिकाऱ्याला दुसरं काही तपासावं लागत नाही. टीडीएस कापला म्हणून किंवा करारावर 'स्वतंत्र व्यावसायिक' असं छापलं म्हणून नातं बदलत नाही. हा काही नवा विचार नाही. सौराष्ट्रातल्या मिठागरांवरच्या आगरियांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकातच हे ठरवून दिलं. ते आगरिया आपल्या मदतीला स्वतःची माणसं घेत, मोबदला मिठाच्या वजनावर मिळे, तरीही ते कामगार ठरले. कारण काम कसं करायचं यावर कंपनीची देखरेख होती. तुमचे टेक्निशियन त्या आगरियांपेक्षा कितीतरी जास्त तुमचे आहेत.

खरा स्वतंत्र व्यावसायिक कसा असतो? तुमचा सीए. तो दहा जणांचं काम करतो, कधी करायचं ते स्वतः ठरवतो, हाताखालचा माणूस पाठवतो आणि तुम्ही त्याची हजेरी मांडत नाही. हा फरक स्वतःशी प्रामाणिकपणे तपासा.

इथे मालक म्हणतात, 'पण त्या मुलांनाच पीएफ नको आहे, हातात पैसे जास्त हवे आहेत.' खरं असेल. पण या कायद्यांत माणसाची संमती चालत नाही. त्याने लिहून दिलं तरी तो कागद उपयोगाचा नाही. आणि त्याचा विचार कधी बदलतो ते मी पाहिलं आहे.

काही वर्षांपूर्वी असाच बिलावर काम करणारा एक मुलगा चौथ्या मजल्यावर आउटडोअर युनिट बसवताना छज्ज्यावरून पडला आणि गेला. वय ३०. मालक माणूस म्हणून चांगला होता, अंत्यविधीचा खर्च त्याने केला, रात्रभर हॉस्पिटलात बसला. पण ईएसआयचा नंबर नव्हता. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने हिशेब झाला: गणनेसाठी कमाल वेतन १५,००० रुपये, त्याचे ५० टक्के म्हणजे ७,५००, गुणिले ३० वर्षांच्या वयाचा गुणक २०७.९८. रक्कम झाली १५ लाख ५९ हजार ८५०. महिन्याभरात रक्कम भरली नाही तर १२ टक्के व्याज, वर दंडही बसू शकतो. मालकाने गाडी विकली आणि घरावर कर्ज काढलं. त्या मुलाला महिन्याला १८,००० मिळत होते. ईएसआय असता तर मालकाचा वाटा ३.२५ टक्के म्हणजे ५८५ रुपये आणि मुलाचा पाऊण टक्का म्हणजे १३५ रुपये गेले असते. आणि त्याच्या बायकोला एकरकमी पैशांऐवजी वेतनाच्या ९० टक्के या पूर्ण दरातला तिचा वाटा आश्रितांचा लाभ म्हणून महिन्याच्या महिन्याला मिळत राहिला असता. तो हिशेब तिला समजावून सांगताना मला जे वाटलं ते इथे लिहिता येणार नाही. तेव्हापासून उंचीवर काम करणारा कुणी बिलावर दिसला की मी पीएफच्या आधी ईएसआयची नोंदणी करायला लावतो. तुम्हीही तोच क्रम ठेवा. २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला प्रत्येक जण या आठवड्यात ईएसआयमध्ये आला पाहिजे. ज्यांचं वेतन त्यावर आहे त्यांच्या अपघाताची जबाबदारी थेट तुमच्यावर आहे, त्यांच्यासाठी स्वतंत्र विमा घ्या.

आता पीएफ. पुढच्या महिन्यापासून सुरू करणं सोपं आहे: १२ टक्के त्यांचे, १२ तुमचे, वर प्रशासन खर्च आणि विम्याचा अर्धा-अर्धा टक्का. त्या विम्यातून सदस्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला कमाल ७ लाख रुपये मिळतात, हे तुमच्या माणसांना आवर्जून सांगा. अवघड आहे ती मागची बाकी. मागच्या महिन्यांचा कर्मचाऱ्याचा वाटा आज त्याच्या पगारातून कापता येत नाही, म्हणजे दोन्ही वाटे तुमच्याच खिशातून जातात. त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज. दंड वेगळा, जून २०२४ पासून तो महिन्याला १ टक्का आहे आणि त्याआधीच्या काळासाठी जुने, चढे दर लागतात. भविष्य निर्वाह निधी संघटना मधूनमधून सवलतीची नोंदणी मोहीम काढते. २०१७ मध्ये काढली होती. नंतरची १ नोव्हेंबर २०२५ ते ३० एप्रिल २०२६ या काळासाठी जाहीर झाली. तिच्यात १ जुलै २०१७ ते ३१ ऑक्टोबर २०२५ या काळात लागलेली आणि नोंद राहिलेली माणसं स्वतःहून जाहीर करता येतात. त्यांचा वाटा कापला नसेल तर तो माफ, आणि दंड नाममात्र १०० रुपये. मुदत आणि अटी आजच पाहून घ्या. मोहीम उरली नसेल तरी स्वतःहून गेलेल्या मालकाची गोष्ट आणि चौकशीत सापडलेल्याची गोष्ट यांत मोठा फरक असतो.

आणि एक सक्त सांगणं. पगारातून कापलेले पीएफचे पैसे तुमचे नाहीत. कापले आणि भरले नाहीत तर कायदा त्याला विश्वासघात मानतो, तो फौजदारी गुन्हा आहे. धंद्यात पैशांची ओढाताण असेल तर सप्लायरला थांबवा, स्वतःचा पगार थांबवा, पण दर महिन्याच्या १५ तारखेचं चलन थांबवू नका.

आता लेबर कोड, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार संहिता. त्या चारही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. नियमांचं काम टप्प्याटप्प्याने होतं, संक्रमणकाळात जुने नियम जिथे नव्या कायद्याशी विसंगत नाहीत तिथे चालतात. त्यामुळे 'सगळे नियम आल्यावर बघू' म्हणून थांबू नका. तुमच्या आकाराच्या धंद्यात चार बदल खरोखर जाणवतील.

पहिला पगाराच्या रचनेचा. मूळ पगार लहान आणि भत्ते मोठे, ही रचना अनेकांना त्यांच्या अकाउंटंटने करून दिली आहे. वेतन संहितेत वगळता येणाऱ्या भत्त्यांची यादी आहे, आणि त्या भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाली तर वरचा भाग पुन्हा वेतनात धरला जातो. समजा ३०,००० मध्ये बेसिक ९,०००, घरभाडे १२,००० आणि प्रवास भत्ता ९,००० आहे. वगळलेले २१,००० झाले. निम्मे म्हणजे १५,०००. वरचे ६,००० वेतनात आले आणि वेतन १५,००० झालं. आठ वर्षांनी माणूस निघाला तर जुन्या पद्धतीने ग्रॅच्युइटी ९,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ८, म्हणजे सुमारे ४१,५३८ होत होती. आता ती सुमारे ६९,२३१ होते. 'स्पेशल अलाउन्स' असं नाव देऊन ठेवलेली रक्कम तर त्या यादीतच नाही, ती पूर्ण वेतनात येते. पीएफच्या बाबतीत २८ फेब्रुवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंच होतं की सरसकट सगळ्यांना मिळणारे भत्ते मूळ वेतनातच धरायचे. तेव्हा भत्त्यांची नावं बदलत बसू नका. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून निम्म्याच्या वर न्या आणि मोकळे व्हा. पण रचना बदलण्याआधी माणसांना बसवून हातात किती पडेल ते कागदावर दाखवा. न सांगता पगारचिठ्ठी बदलली की जो अविश्वास तयार होतो तो पुढे प्रत्येक वादात उगवतो.

दुसरा नेमणूकपत्राचा. ते आता प्रत्येकाला द्यायलाच हवं, आधीपासून असलेल्यांनाही. त्यात हुद्दा, कामाचं स्वरूप, वेतनाचे घटक आणि नेमणुकीची तारीख स्पष्ट असू द्या. पत्र त्याला वाचता येईल त्या भाषेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले, वाचून समजले' असं त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धकाकडे जायचं नाही, अशी अट इंटरनेटवरून उचलून टाकू नका. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे ती टिकत नाही. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं तर लगेच बंद करा, ठेवली असतील तर उद्या परत द्या.

तिसरा फुल अँड फायनलचा, म्हणजे नोकरी सुटल्यावरच्या शेवटच्या हिशेबाचा. राजीनामा असो किंवा कमी केलेलं असो, वेतनाची बाकी दोन कामाच्या दिवसांत द्यायची. '४५ दिवसांनी चेक घेऊन जा' ही पद्धत संपली. त्यासाठी रजेची नोंद रोजच्या रोज हवी, नाहीतर दोन दिवसांत हिशेब लागणारच नाही. ग्रॅच्युइटीला ३० दिवस असतात.

चौथा मुदतीच्या नेमणुकीचा. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या माणसाला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू होते. उन्हाळ्यापुरती काही महिन्यांची माणसं घेत असाल तर चार बनावट बिलांपेक्षा हा सरळ मार्ग बरा. मुदत संपली की नेमणूक संपते, त्यात कुणाला फसवावं लागत नाही.

उन्हाळ्यावरून मस्टरकडे येतो. तुमच्या धंद्यात एप्रिल-मे म्हणजे रात्री दहापर्यंत कॉल. मस्टरवर मात्र सगळ्यांची वेळ साडेनऊ ते साडेसहा, महिनाभर एकाच निळ्या पेनाने, एकाच हाताने भरलेली. एका प्रकरणात मी मालकाच्या बाजूने उभा होतो. समोरच्या मुलाने फक्त मोबाइल पुढे केला. काम झाल्यावर ग्राहकाच्या घरातून पाठवलेला युनिटचा फोटो, वेळ ९:४७ रात्री. असे तीन महिन्यांचे ७० फोटो, मालकाच्याच ग्रुपवर टाकलेले, आणि खाली मालकाचा अंगठ्याचा इमोजी. आमच्याकडे उत्तर नव्हतं. जादा कामाला दुप्पट दर आहे, तो हिशेब आम्ही गुपचूप मान्य केला. पण जास्त नुकसान वेगळंच झालं. एक रजिस्टर खोटं ठरलं की बाकीच्या खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून हजेरी जशी आहे तशीच मांडा. कामाच्या अॅपमधल्या वेळा आणि मस्टर जुळू द्या. तुम्हाला दुप्पट दर परवडत नसेल तर दोन पाळ्या करा. साप्ताहिक सुट्टी, वर्षाला आठ किरकोळ रजा, आठ पगारी सुट्ट्या आणि २४० दिवस भरल्यावर दर २० दिवसांमागे एक अर्जित रजा हा दुकाने आणि आस्थापना कायद्याचा भाग आहे. त्याचं रजिस्टर साध्या शीटवर ठेवलं तरी चालतं, पण ते रोज भरलेलं हवं.

किमान वेतन दर सहा महिन्यांनी पाहा, जानेवारीत आणि जुलैत त्यातला महागाईशी जोडलेला विशेष भत्ता बदलतो. हेल्पर आणि ऑफिसबॉय यांचे पगार याच बदलात नकळत किमान वेतनाच्या खाली जातात. व्यवसाय कर, कामगार कल्याण निधी, बोनस ही कामं तुमचा अकाउंटंट करत असेल, फक्त त्याच्या मोजणीतही २६ चाच आकडा जाऊ द्या. बोनसला मर्यादा २० माणसांची आहे, वेतनमर्यादा २१,००० आणि किमान दर ८.३३ टक्के, वर्षाचे हिशेब बंद झाल्यापासून आठ महिन्यांत.

एजन्सीच्या तीन माणसांचं थोडं. एजन्सीने त्यांना पगार दिला नाही किंवा पीएफ भरला नाही तर मुख्य मालक म्हणून ती जबाबदारी तुमच्यावर येते. दर महिन्याला एजन्सीचं बिल पास करताना त्याच तीन माणसांची नावं असलेलं पीएफ आणि ईएसआयचं चलन मागा. नुसतं 'भरलं आहे' असं लेटरहेडवर लिहून दिलेलं घेऊ नका. चलन नाही तर पेमेंट नाही, हे करारातच लिहा.

पुढचा विषय तुमच्या प्रश्नात नव्हता, पण मला तो विचारायचाच आहे. तुमच्याकडे अंतर्गत समिती आहे का? लैंगिक छळ प्रतिबंधाचा कायदा २०१३ चा आहे आणि १० किंवा अधिक माणसं असली की समिती बंधनकारक आहे. 'आमच्याकडे फक्त तीन बायका आहेत आणि वातावरण घरच्यासारखं आहे' हे उत्तर मी अनेकदा ऐकतो. या तीनपैकी एकीला त्रास झाला तर ती कुणाकडे जाईल? तुमच्याकडे? आणि त्रास देणारा तुमचा जुना, भरवशाचा माणूस असेल तर? समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, किमान दोन कर्मचारी, एक बाहेरची सदस्य, आणि निम्म्या तरी महिला, अशी रचना हवी. बाहेरची सदस्य म्हणून घरातलं किंवा मैत्रीतलं नाव घालू नका. या विषयाची खरी जाण असलेली, तुम्हाला न घाबरणारी बाई शोधा. तक्रार तीन महिन्यांत करता येते, कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची. दरवर्षी अहवाल जिल्हा अधिकाऱ्याकडे जातो. समिती नसेल तर ५०,००० पर्यंत दंड आहे, पण माझी काळजी दंडाची नाही. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर असलेला कागद बायका जिथे बसतात तिथे लागलेला हवा, मालकाच्या केबिनच्या आत नव्हे.

तुमच्याकडची कुणी महिला गरोदर असेल आणि आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलं असेल तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा तिचा हक्क आहे. ईएसआयमध्ये असेल तर तो पैसा महामंडळ देतं. तुम्ही नोंदणी टाळलीत तर तुम्हालाच द्यावा लागेल. त्या काळात तिला कमी करता येत नाही.

आता तुमचा ११ दिवस न आलेला टेक्निशियन.

'तो स्वतःच सोडून गेला' हे तुम्हाला जितकं उघड वाटतं तितकं ते कायद्यात उघड नसतं. १९९३ मध्ये डी. के. यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला. आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिला तर नोकरी आपोआप संपेल, असं तिथल्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, चक्क लिहिलेलं होतं. तरीही न्यायालयाने सांगितलं की बाजू मांडायची संधी न देता नाव काढता येणार नाही. माणूस कामावर परत आला, मागच्या पगाराचा निम्मा भाग घेऊन. तुमच्याकडे तर असा लेखी नियमही नाही. टेक्निशियन तांत्रिक काम करतो, म्हणून पगार कितीही असला तरी तो कायद्याच्या भाषेत कामगारच आहे. उद्या तो म्हणेल, 'मी आलो होतो, मला गेटवरून परत पाठवलं.' तेव्हा तुम्हाला दाखवायला काय आहे?

आधी फोन करा. खरंच करा, नुसतं 'केला' असं लिहिण्यासाठी नको. आई आजारी असेल, अपघात झाला असेल, गावी अडकला असेल. माझ्याकडे आलेल्या अशा कित्येक प्रकरणांत एका फोनने माणूस परत आला आणि फाइल बंद झाली. फोन कुणी केला, कधी केला, पलीकडून काय उत्तर आलं, हे त्याच दिवशी एका ओळीत लिहून ठेवा.

फोन लागला नाही तर पत्र. स्थानिक आणि गावच्या अशा दोन्ही पत्त्यांवर. २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिसळलं आहे, तेव्हा नोंदणी आणि पोच या दोन्ही सुविधा घेऊन स्पीड पोस्टने पाठवा आणि त्याचाच फोटो व्हॉट्सअपवर टाका. पाकीट परत आलं तर ते फोडू नका. पोस्टमनचा शेरा असलेलं बंद पाकीट तसंच फाइलला लावा. कोर्टात ते न्यायाधीशांसमोर उघडलं गेलं की आत काय होतं यावर वाद राहत नाही.

पहिल्या पत्राला उत्तर नाही तर आठवड्याने दुसरं, मग तिसरं. तरीही नाही तर दोषारोपपत्र, बाहेरचा चौकशी अधिकारी, तारखेची नोटीस. तो आला नाही तर त्याच्या गैरहजेरीत चौकशी, तिचा अहवाल, त्या अहवालाची प्रत त्याला, त्यावर म्हणणं मांडायला मुदत, आणि मगच आदेश. याला दोन-तीन महिने लागतात. तेवढ्या काळासाठी दुसरा माणूस मुदतीवर घ्या. आणि दरम्यान तो दारात उभा राहिला तर त्याला आत घ्या, कामावर रुजू झाल्याचं लिहून घ्या आणि गैरहजेरीचं स्पष्टीकरण लेखी मागा. चिडून परत पाठवलंत तर आधीची तीनही पत्रं वाया गेली.

पहिल्या पत्रात धमकी नको, 'आपोआप' हा शब्द नको, वकिली भाषा नको. मी साधारण असं लिहून देतो:

'आपण दिनांक ... पासून कोणतीही सूचना न देता किंवा रजा मंजूर करून न घेता कामावर आलेला नाहीत. दिनांक ... रोजी ... यांनी आपल्याशी फोनवर संपर्क करण्याचा प्रयत्न केला, तो होऊ शकला नाही. आपल्याला काही अडचण असल्यास ती आम्हाला कळवावी. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत कामावर रुजू व्हावे आणि गैरहजेरीचे कारण, आजारपण असल्यास डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह, लेखी द्यावे. आपली जागा रिकामी आहे व आपले नाव पटावर कायम आहे.'

शेवटचं वाक्य गाळू नका. अनेक मालक ते खोडतात, त्यांना वाटतं त्याने आपली बाजू लंगडी पडते. उलट आहे. पुढे कधी 'मला काढलं' असा दावा आला तर हेच वाक्य तुमच्या बाजूने बोलतं. फक्त ते लिहिताना खरं असलं पाहिजे: त्या दिवशी त्याचं नाव मस्टरवर असलं पाहिजे आणि त्याच्या जागी कायमचा माणूस घेतलेला नसला पाहिजे. पत्रावर आजची तारीख टाका आणि पोस्टाची पावती आजचीच असू द्या.